वाळ्याच्या दोन जुड्या

मी तीस वर्षं गुरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काढली आणि त्या तीस वर्षांत माझं नाक एकदाही चुकलं नाही. तोंडाबद्दल मी असं काही म्हणणार नाही. पण नाक पक्कं. गोठ्याबाहेर उभा राहून, म्हशीला हातही न लावता, तिनं काल काय खाल्लं आणि मालक काय लपवतोय हे मी सांगायचो. (मालकाचं सांगायला नाकाची गरज नसायची.) निवृत्त होऊन बेंबळीच्या घरात बसलो आणि या नाकाला काम उरलं नाही. रिकामं नाक घराला किती महागात पडतं, हे आमच्या माणसांनी यंदाच्या उन्हाळ्यात पाहिलं.

आमच्याकडचा उन्हाळा तसा कोरडा. ओठ फुटतात, टाचा फुटतात, पण धुणं दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतं. यंदा मात्र रोज दुपारी ढग यायचे आणि काही न करता नुसते बसून राहायचे, अगदी माझ्यासारखे. हवा चिकट झाली. बरणीतलं मीठ गोळा झालं, आदल्या आठवड्यात तळलेले पापड मऊ पडले, गादीवरून उठलं की चादर पाठीबरोबर उठायची. आणि अशाच एका दुपारी आमच्या हॉलमध्ये वास आला.

"हा वास कशाचा गं?" मी बायकोला विचारलं.

आमच्या हिचं नाव सुमन. लग्नाला बत्तीस वर्षं झाली. माझ्या प्रश्नांना ती हातातलं काम न थांबवता उत्तर देते.

"उन्हाळ्याचा," ती शेंगा निवडत म्हणाली.

"उन्हाळ्याला वास नसतो."

"मग तुमचा असंल."

मी स्वतःचा वास घेऊन पाहिला. माझा नव्हता. माझा मला ओळखू येतो.

वास मोठा विचित्र होता. पुढं ओल्या पोत्याचा, मागं थोडा शिळ्या ताकाचा, आणि त्याच्याही मागं काहीतरी तिसरंच, जे कळता कळता निसटायचं. बरं, तो रोज दुपारी तीनला यायचा आणि सकाळपर्यंत जायचा. वेळ पाळणारा वास मी नोकरीत कधी पाहिला नव्हता. (वेळ पाळणारा माणूसही फारसा पाहिला नव्हता.) मला राहवेना. हा आहे कोण, येतो कुठून, हे कळल्याशिवाय आता दुपारची झोप लागणार नाही, हे मी ओळखलं.

मी तपास सुरू केला. सोफा उलटा केला. तांदळाच्या डब्यात डोकं घातलं. चपलांच्या रॅकसमोर बसून एकेक चप्पल नाकाला लावली. आमचा सचिन ढोकीकडं कारखान्यात कामाला आहे, त्याच्या कामाच्या शर्टाचा मी वास घेतला, तर तो म्हणाला, "बाबा, मी आत हाय अजून." शेवटी दोन हात आणि दोन गुडघ्यांवर येऊन भिंतीच्या कडेकडेनं हुंगत निघालो. तेवढ्यात शेजारच्या काकू विरजण मागायला आल्या. त्यांनी मला पाहिलं, वाटी तशीच उचलली आणि सुमनला दारातूनच विचारलं, "केव्हापासनं असं करायलेत?"

वास सापडला नाही, तेव्हा मी तो घालवायच्या मागं लागलो. आधी फिनेल झालं. घराला दवाखान्याचा वास आला आणि मला उगाच हजेरीपत्रकावर सही करावीशी वाटली. मग मोबाईलवर एका बाईंनी सांगितलं, की खोलीत वाटीभर खायचा सोडा ठेवा, तो ओल आणि वास दोन्ही ओढून घेतो. मी चार खोल्यांत चार वाट्या ठेवल्या. त्यातली एक सुमननं मीठ समजून वरणात घातली. वरण पातेल्यातून उठून ओट्यावर आलं.

त्यानंतर कडुलिंबाच्या पाल्याचा धूर. गोठ्यात डास फार झाले की आम्ही हेच सांगायचो आणि गुणही यायचा. पण गोठ्याला भिंती नसतात, हे माझ्या लक्षात राहिलं नाही. त्या दमट हवेत धूरसुद्धा बाहेर जायला तयार होईना. तो आमच्या घरात पाहुण्यासारखा मुक्कामाला थांबला. आम्ही चौघं तासभर अंगणात डोळे पुसत बसलो आणि गल्लीतली माणसं एकेक करून विचारून गेली, की कोण गेलं.

त्या दिवशी सुमननं निकाल दिला. "आता घरात नवीन काय आणलं, तर मी माहेरी जाईन. तुम्ही अन् तुमचा वास राहा दोघं."

आता मला आमच्या सुनेबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात खरं पणाला लागलं होतं ते तिचं. अश्विनी कळंबची. लहानपणीच आई गेली, वडील भगवानराव आणि आत्या यांनी वाढवलं. तिनं पशुधन व्यवस्थापनाची पदविका केली, लग्नानंतर आमच्या घरी बसून परीक्षा दिली आणि पास झाली. पद तेच, जे माझं होतं. ऑर्डर हातात पडली त्या दिवशी मी ती चारदा वाचली आणि चारही वेळा चष्मा पुसला. नेमणूक तिकडं नंदुरबारकडं होती, तीन दिवसांत रुजू व्हायचं होतं, आणि उशीर झाला तर ऑर्डर रद्द, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

भगवानराव मोठ्या मुश्किलीनं तयार झाले होते. आत्याबाई तर झाल्याच नव्हत्या. "एवढ्या लांब पोरगी जाऊन गुरं तपासणार, अन् आमी हितं काय करायचं?" हा त्यांचा सवाल होता. शेवटी भगवानरावांनी एका अटीवर होकार भरला. "जा. पण पाळणा हलायची वेळ आली, की त्या दिवशी नोकरी सोडून घरी यायचं." अश्विनीनं ते कबूल केलं. पाळण्याचा विचार तिच्या आणि सचिनच्या डोक्यात दोन वर्षं तरी नव्हता.

रविवारी दुपारी तिची गाडी. सचिन तिच्यासाठी खोली बघायला आदल्या दिवशीच पुढं गेला होता. शनिवारी सकाळी ती कपाटातून कपडे काढून बॅग भरत होती. मधेच तिनं एक साडी नाकाला लावली आणि तोंड फिरवलं.

"मामा, तुम्ही म्हणताव ते खरंय. कपड्यांना बी वास यायलाय. सकाळपासनं मळमळतंय मला."

मला वाईट वाटलं. पोरगी नव्या गावाला आमच्या घराचा वास घेऊन जाणार! आणि त्याच क्षणी मला वाळा आठवला. लहानपणी आमच्या माठात वाळ्याच्या मुळांची जुडी टाकलेली असायची, पाणी प्यायला घेतलं की घशातून थंड वास खाली उतरायचा. तेव्हा दारांना वाळ्याच्या ताट्या लावायचे, त्यावर पाणी मारायचे. एक जुडी माठात, एक कूलरमध्ये, की काम झालं. बेंबळीत वाळा मिळेना. कळंबला जडीबुटीच्या एका जुन्या दुकानात मिळतो, हे मला माहीत होतं, आणि भगवानराव रविवारी लेकीला निरोप द्यायला येणारच होते.

मी अंगणात जाऊन त्यांना मेसेज केला. माझा अंगठा एका वेळी तीन अक्षरांवर पडतो, म्हणून मी मोबाईलला तोंडानं सांगतो आणि तो लिहितो. मी सांगितलं ते असं:

"राम राम भगवानराव. अश्विनीला सकाळपासून वासानं मळमळतंय. उद्या येताना वाळ्याच्या दोन जुड्या घेऊन या. घरात नवीन काही यायचं म्हटलं की आमची ही चिडते, म्हणून तिला एवढ्यात काही बोलू नका."

यात काय चुकलं, हे आजही कुणी मला दाखवून द्यावं. मोबाईलनं फक्त एक केलं, 'जुड्या'चं 'जोड्या' केलं. आपणच सांगितलेलं परत कशाला वाचायचं, म्हणून मी ते तपासलं नाही.

पाच मिनिटांनी उत्तर आलं. त्यात जोडलेले हात होते, एकूण चौदा. आणि खाली, "दोन? नक्की दोन?"

मी म्हटलं, माणूस खर्चाला घाबरला. मी सांगितलं, "हो, दोन तरी पाहिजेतच. एकानं काय होतंय? जास्त झाल्या तरी आनंदच आहे."

त्यानंतर भगवानरावांकडून काही आलं नाही. बहुतेक ते खाली बसले असावेत.

रविवारी सकाळी दहाला त्यांची जीप आली. पुढून भगवानराव उतरले, मागून आत्याबाई. आत्याबाईंच्या हातात ओटीचं ताट, काखेत डिंकाच्या लाडवांचा डबा. लेकीला निरोप द्यायला एवढा थाट पाहून मला भरून आलं. म्हटलं, बाई वरून कडक, पण मनानं मऊ.

आत्याबाई सरळ आत गेल्या आणि अश्विनीच्या हातातली बॅग त्यांनी काढून घेतली.

"ठेव खाली. वजन उचलायचं न्हाय."

"आत्या, कपडेच हायेत त्यात."

"आता कुठं जायचं न्हाय अन् कपडे बी न्यायचे न्हायत. बस हितं. पाय वर घे."

अश्विनी गोंधळून माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आत्याबाईंचा जुना विरोध परत उफाळला. त्यांच्याशी बोलायची माझी हिंमत नव्हती, म्हणून मी भगवानरावांना हाताला धरून मागच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"आणलं का?" मी हळूच विचारलं.

"आणलं की." त्यांचे डोळे पाणावले होते. "पाव्हणं, तुमी सगळ्यात आधी आमाला कळवलं, हे म्या जन्मात इसरणार न्हाय."

वाळ्यासाठी एवढी कृतज्ञता मला जास्तच वाटली. त्यांनी खिशातून मखमलीची लाल डबी काढली. मी चाट पडलो. जुडी डबीत कशी मावली? वाळा हल्ली अर्कात मिळतो की काय, वड्या करतात की काय, असं बरंच काही माझ्या मनात आलं. मी डबी उघडण्याआधी सवयीनं तिचा वास घेतला. कसलाच वास नव्हता.

आत चांदीचे चार इवलेसे वाळे होते. तान्ह्या बाळाच्या पायात घालतात ते, घुंगरांचे.

"हे काय?" मी म्हणालो.

"वाळे. दोन जोड्या. सोनाराला बी म्हनलं, जुळं हाय."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी पलंगावर बसलो. मग उठलो, चष्मा शोधला, मोबाईल काढला आणि माझाच मेसेज पहिल्यांदा वाचला. वाचता वाचता मला कुणाचाही राग आला नाही. भगवानरावांच्या जागी मी असतो, तर मीही वाळे घेऊनच आलो असतो. कदाचित पाळणासुद्धा.

आम्ही बाहेर आलो आणि मी सगळ्यांना खरं काय ते सांगून टाकलं. सुमननं कपाळाला हात लावला. अश्विनीनं सुस्कारा सोडला. पण आत्याबाई ढिम्म हलल्या नाहीत.

"पहिल्या खेपेला असंच लपवतेत," त्या म्हणाल्या.

"आत्या, मला काय बी न्हाय गं. खरंच न्हाय."

"मळमळतंय का न्हाय?"

"वासानं मळमळतंय!"

"वासानंच मळमळत असतंय, बाळा."

मी मधे पडलो. "आत्याबाई, वाळा म्हणजे ते सुगंधी गवत हो. माठात टाकतात ते."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तीस वर्सं गुरांच्या दवाखान्यात होता न्हवं? अन् गवत कळंबवरनं मागवताव व्हय?"

घड्याळात अकरा वाजत आले होते. दीडला धाराशिवहून गाडी सुटणार होती, आणि अश्विनीची बॅग आत्याबाईंच्या मांडीखाली होती. अश्विनी घड्याळाकडं डोळे लावून बसली होती. चार वर्षं दिव्याखाली बसून केलेला अभ्यास आणि ती ऑर्डर माझ्या एका मात्रेनं वाया जाणार, हे मला स्पष्ट दिसायला लागलं. मला स्वतःची खरोखर लाज वाटली.

"भगवान, तो मेसेज परत वाच," आत्याबाई म्हणाल्या. "नीट वाच."

भगवानरावांनी घसा साफ करून वाचला. 'आमची ही चिडते' या शब्दांवर आत्याबाईंनी हात वर केला.

"थांब. नातवंडं येनार म्हनल्यावर सासू कशाला चिडंल?"

त्या पुढं म्हणाल्या, "अन् पोरीला दिवस गेले, तर हे कळवणार कोन? पोरगी, न्हायतर सासू. सासरा चोरून कशाला कळवंल? बायकोपासनं लपवून?"

त्या हळूहळू सुमनकडं वळल्या. सुमन एक्कावन्न वर्षांची आहे. गेली दहा मिनिटं ती स्वयंपाकघराच्या दारात हसू दाबत उभी होती. आत्याबाईंची नजर पोटावर येऊन थांबली, तशी तिच्याच्यानं राहवेना. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि मागच्या मोरीकडं धावत सुटली. मोरीतून उं, उं, असे दबलेले आवाज यायला लागले. खांदे हलताना दिसत होते.

"आता कळलं," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या.

भगवानरावांनी माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेत धक्का होता आणि, मी खोटं कशाला सांगू, थोडा आदरही होता.

"पाव्हणं," ते म्हणाले, "पोरीचं नाव पुढं करायचं कारण न्हवतं. सरळ सांगायचं. आपल्या आपल्यात कसली लाज?"

मी तोंड उघडलं. अहो, असलं काही नाही, हे माझ्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात आत्याबाई मोरीकडं जायला उठल्या. त्यांच्याखालून बॅग मोकळी झाली आणि अश्विनीनं ती उचलली. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी 'नाही' म्हणालो असतो, तर आत्याबाई परत खाली बसल्या असत्या. त्याच बॅगेवर.

मी तोंड मिटलं आणि मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर गप्प बसलो.

पुढचं सगळं भराभर झालं. भगवानराव स्वतः जीप काढून लेकीला धाराशिवला सोडायला निघाले. अश्विनी पाया पडायला वाकली, तेव्हा तिला हसू आवरत नव्हतं आणि डोळ्यांत पाणीही होतं.

"मामा, एक सांगू का?" ती हळूच म्हणाली. "तुम्ही दोनला कूलर लावताव अन् सगळ्या खिडक्या बंद करताव. तीनला वास येतोय. कोरड्या हवेत चालतंय, पर यंदा हवाच ओली हाय. कूलरचं गवत कुजलंय, अन् ती ओल सगळी कपड्यांत, गाद्यांत जायलीय. गवत बदला, समोरची खिडकी उघडी ठेवा, रोज रात्री टाकीतलं पाणी काढून टाका."

"तुला कधी कळलं हे?"

"मघाशीच. आत्यानं पाय वर घेऊन बसवलं न्हवं का, कूलरच्या पुढंच."

जीप गेली. मी आत जाऊन कूलरची मागची ताटी उघडली. गवत काळं पडलं होतं, त्यात एक मेलेली पाल होती, आणि मला माझा तिसरा वास सापडला. माझ्या नाकानं पंधरा दिवस घर पालथं घातलं होतं, आणि त्या पोरीनं बसल्या जागेवरून, पाय वर घेऊन, निदान केलं. सरकारनं माणूस बरोबर निवडला होता. खिडकी उघडली, गवत बदललं, गाद्या दोन दिवस उन्हात टाकल्या, घर निर्मळ झालं.

सोमवारी दुपारी तिचा फोन आला, "मामा, रुजू झाले." मी सुमनला ओरडून सांगितलं. सुमन माझ्याशी बोलत नव्हती, पण त्या बातमीला तिनंही साखर काढली. संध्याकाळी सचिनचा फोन आला. त्याला सगळी हकीकत कळली होती. "बाबा," तो गंभीरपणे म्हणाला, "मला भाऊ झाला तर माझी खोली त्याला द्यायची न्हाय."

अश्विनी तिकडं जरा स्थिर होईपर्यंत आत्याबाईंना खरं सांगायचं नाही, असं आमचं ठरलं आहे. त्यामुळे आता मी पारासमोरून जाताना माणसं बोलायची थांबतात, आणि माझ्या वयाचे दोघं-तिघं माझ्याकडं जरा विचारात पडून पाहतात. आत्याबाई दर पंधरा दिवसांनी कळंबहून जपणुकीचे निरोप आणि डिंकाच्या लाडवांचा डबा पाठवतात. सुमन त्या डब्याला हात लावत नाही. टाकून देणं मला पटत नाही, म्हणून रोज सकाळी दोन, संध्याकाळी दोन, असे मीच संपवतो. परवा सुट्टीला आलेल्या अश्विनीनं घरच्या ग्रुपवर आम्हा दोघांचा अंगणातला फोटो टाकला. आत्याबाईंनी तो बराच वेळ पाहिला म्हणे, आणि मग भगवानरावांना म्हणाल्या, "इहिणबाई हाय तशीच दिसतीया. पोट तर पाव्हण्यालाच आलंय की रं!"